वर्गाच्या ग्रुपवर मुलाचा छळ होत असेल तर: पालकांसाठी पहिल्या पायरीपासून

आठवी-नववीतल्या मुलीला फोनवरून कुणी छळतंय असं कळलं की पालकांच्या डोळ्यांसमोर आधी एखादा अनोळखी, खोट्या नावाचा माणूस येतो. तसेही प्रसंग घडतात. पण शाळेत समुपदेशनाचं काम करताना माझ्यासमोर जी मुलं येतात, त्यांना त्रास देणारी मुलं बहुतेक वेळा त्यांच्याच वर्गातली, क्लासमधली नाहीतर सोसायटीतली असतात. रात्री अकराला ज्याने ग्रुपवर टर उडवली, तोच सकाळी सातला शेजारच्या बाकावर असतो. म्हणून फोन काढून घेतल्याने हा त्रास थांबत नाही. आपल्यामागे ग्रुपवर काय चाललंय हे मुलाला कळेनासं होतं, एवढंच.

ज्या पालकांवर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या, कारण घाईघाईत तक्रार किंवा ब्लॉक आधी केलं की पुरावे हातचे जातात.

क्रमाला अपवाद एकच. मूल "मला जगायचंच नाही" असं काही बोललं असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइनही अहोरात्र असते. तिथे मूल स्वतःसुद्धा फोन करू शकतं, हे त्याला आजच सांगून ठेवा.

पायरी पहिली: चेष्टा कुठे संपली ते ओळखा

मुलं एकमेकांची खेचतात. त्यात काही वावगं नाही. मग छळ कशाला म्हणायचं? या विषयाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी शाळांमधल्या दांडगाईचा अभ्यास केला तो नॉर्वे-स्वीडनमध्ये. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: त्रास देण्याचा हेतू, त्रास पुन्हापुन्हा होणं आणि दोघांच्या ताकदीत फरक असणं. घरी ताडून बघायला या तीन खुणा पुरेशा आहेत. दोन मैत्रिणी भांडल्या, दोघींनीही एकमेकींना नको ते सुनावलं, तर ते भांडण. बाराजणी मिळून एकीला सुनावतायत आणि तिला उत्तर देण्याचीही सोय उरलेली नाही, तर तो छळ.

फोनवर यातली "पुन्हापुन्हा" ही खूण फसवी असते. एक उदाहरण बघा. गॅदरिंगच्या फोटोंमधून एका मुलीचा, बोलता बोलता तोंड अर्धवट उघडं राहिलेला फोटो कुणीतरी कापून घेतला, त्याचा व्हॉट्सॲप स्टिकर बनवला, खाली "म्हैस" लिहिलं. बनवणाऱ्याने तो एकदाच टाकला. पण मग तो सगळ्यांनी सेव्ह केला. "उद्या भूगोलाचा पेपर आहे का?" या प्रश्नालाही उत्तर म्हणून तोच स्टिकर. सर रजेवर आहेत, तोच स्टिकर. शाळेला सुट्टी जाहीर झाली, पुन्हा तोच. स्टिकर बनवणारा मुलगा शपथेवर सांगेल, "मी एकदाच टाकला, मस्तीत," आणि ते खरंही असेल. त्या मुलीने मात्र आठवडाभरात स्वतःचा तो चेहरा किती वेळा पाहिला असेल याचा अंदाज करा.

छळाचे इतर प्रकारही माहीत असू द्या. एकाला वगळून उरलेल्यांचा दुसरा ग्रुप काढणं. इन्स्टाग्रामवर शाळेच्या नावाने "कन्फेशन पेज" उघडून त्यावर नाव न देता मुलामुलींबद्दल वाटेल ते लिहिणं. कुणाच्या नावाने फेक आयडी काढून त्यावरून इतरांना घाण मेसेज करणं. विश्वासाने पाठवलेल्या खासगी गप्पांचे स्क्रीनशॉट फिरवणं. गेम खेळताना व्हॉइस चॅटवर एकाच मुलाला शिव्यांनी झोडपणं. आणि आता एआय ॲप वापरून साध्या फोटोचा अश्लील फोटो तयार करणं. शेवटचा प्रकार चेष्टेच्या खात्यात कधीच जात नाही. तो सरळ गुन्हा आहे.

टवाळीचा रोख बहुतेकदा ठरावीक गोष्टींवर असतो: रंग, वजन, दात, चष्मा, बोलण्याची गावाकडची ढब, घरची परिस्थिती, जात. मुलगा जरा हळवा असला की "बायल्या". २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत राज्यात पहिली आलेल्या मुलीला देशभरातल्या लोकांनी तिच्या चेहऱ्यावरच्या केसांवरून ट्रोल केलं, आणि त्यात मोठी माणसंही होती. मुलं हे बघत असतात.

घरात दिसणाऱ्या खुणांपैकी दोन-तीनच सांगते, कारण लांबलचक यादी हातात घेतली की प्रत्येक मूल संशयित वाटू लागतं. फोन वाजला की मूल दचकतं किंवा स्क्रीन पालथी ठेवतं. आधी हौसेने बदलला जाणारा डीपी एकाएकी काढून टाकला जातो. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. यातलं काही दिसलं तर लगेच निष्कर्ष काढू नका, पण विचारा नक्की. मुलग्यांच्या बाबतीत तर जास्तच लक्ष द्या. "मुलगा असून रडतोस?" हे ऐकावं लागेल या भीतीने ते फार उशिरा तोंड उघडतात.

पायरी दुसरी: मूल सांगेल तेव्हा

सगळ्यात अवघड पायरी हीच. आपली पहिली प्रतिक्रिया कशी असते यावर मूल पुढचं सांगणार की नाही हे ठरतं.

मुलं घरी का सांगत नाहीत, हे त्यांना विचारलं की दोन उत्तरं हमखास येतात. एक, "फोन काढून घेतील." दोन, "बाबा शाळेत जाऊन तमाशा करतील, मग उद्यापासून अजून त्रास." दोन्ही भीती अनाठायी नाहीत. आपण खरोखरच तसं वागतो. त्यामुळे मूल बोलायला लागलं की आधी याच दोन गोष्टींबद्दल त्याला निर्धास्त करा. संवाद साधारण असा होऊ द्या:

"आई, तू बाबांना नाही ना सांगणार?"

"आत्ता उठून नाही सांगत. त्यांना कधी आणि काय सांगायचं ते तुला विचारून ठरवू."

"आणि फोन?"

"फोन तुझ्याकडेच राहील. मला फक्त दाखव काय आलंय ते. तुला नको वाटत असेल तर आधी तोंडी सांग."

"तू चिडशील."

"चिडेन कदाचित, पण तुझ्यावर नाही."

मग गप्प बसून ऐका. "तूच काहीतरी केलं असशील", "टाळी एका हाताने वाजत नाही", "आमच्या वेळी नव्हती ही थेरं", "दुर्लक्ष कर, आपोआप थांबेल" ही चार वाक्यं ओठांवर आली तरी गिळून टाका. दुर्लक्ष करण्याचा प्रयत्न त्या मुलाने तुमच्याकडे येण्याआधी केलेलाच असतो.

मुलाने स्वतःही काही चूक केली असेल, म्हणजे उलट शिवी दिली असेल, घरी न सांगता खातं काढलं असेल, कुणाला स्वतःचा नको तसा फोटो पाठवला असेल, तर त्याबद्दल बोलायची वेळ नंतर येईल. आज नाही. फोटोवरून धमकावणारा माणूस नेमका याच भीतीवर जगतो: "घरी कळलं तर तुझंच काय होईल बघ." घरी कळलं आणि घरच्यांनी हात धरला, की त्या धमकीतला जीव जातो.

एक वचन मात्र देऊ नका: "मी कुणालाच सांगणार नाही." लैंगिक स्वरूपाचं काही घडलं असेल तर पॉक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. वचन देऊन ते मोडण्यापेक्षा "तुला विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाही, आणि उचलावंच लागलं तर आधी तुला सांगेन" असं म्हणा आणि ते पाळा.

पायरी तिसरी: पुरावे जपा

राग आला की हात डिलीटकडे जातो. थांबा. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला स्वतःचा मेसेज दोन दिवसांहून अधिक काळ सगळ्यांसाठी पुसता येतो आणि इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांत जाते. तक्रारीची कुणकुण लागताच समोरचा सगळं साफ करणार हे धरून चाला.

स्क्रीनशॉट असे घ्या की त्यात मेसेजबरोबर पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल. नुसता कापलेला मेसेज कामाचा नाही. त्याच्या वरचे-खालचे मेसेजही घ्या, संदर्भ लागतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये नावावर टॅप करून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट काढा, कारण आपल्या फोनमध्ये "पप्पू" नावाने सेव्ह असलेला माणूस कोण, हे बाहेरच्याला कळत नाही. इन्स्टाग्रामवर खात्याचं युजरनेम अक्षर न् अक्षर लिहून ठेवा आणि प्रोफाइलची व त्या पोस्टची लिंक कॉपी करा. डीपी आणि दाखवायचं नाव कुणीही बदलतो. स्टोरी किंवा व्हिडिओ असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा. एकदाच उघडणारा फोटो आला आणि स्क्रीनशॉट घेता येत नसेल, तर दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा. ग्रुपवर मेसेज आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल तर आजच सगळं उतरवून घ्या.

मग एका वहीत तारखेनुसार लिहा: काय झालं, कुठे, कुणी पाहिलं, मुलावर काय परिणाम झाला. "१२ जुलै, शाळेत गेली नाही" इतकं साधं लिहिलं तरी चालेल. आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की बरंच सोपं जातं.

इथे एक मोठा अपवाद आहे आणि तो नीट समजून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा नग्न अथवा अश्लील फोटो किंवा व्हिडिओ असेल, मग तो खरा असो वा बनवलेला, तर त्याच्या प्रती काढू नका. नवऱ्याला, बहिणीला, मुख्याध्यापकांना, "पुरावा म्हणून" कुणालाही पाठवू नका. असं साहित्य बाळगणं आणि पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या कलम ६७ब आणि पॉक्सोच्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये याबाबत कडक निकाल दिला आहे. लिंक, युजरनेम, तारीख-वेळ लिहून घ्या आणि जे आहे ते त्याच फोनवर पोलिसांना दाखवा.

पायरी चौथी: खातं आणि फोन सावरा

पुरावे हाती आले की मग रिपोर्ट आणि ब्लॉक. व्हॉट्सॲपवर एखाद्याला रिपोर्ट केलं की त्या गप्पांतले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात आणि समोरच्याला त्याची सूचना जात नाही. मुलांना हे माहीत नसतं. "त्याला कळेल" या भीतीने ती रिपोर्ट करायला धजत नाहीत.

ब्लॉक करण्यातही एक अडचण आहे. वर्गातल्याच मुलाला ब्लॉक केलं की दुसऱ्या दिवशी "मला ब्लॉक केलंस काय?" म्हणून तो अंगावर येतो. यासाठी इन्स्टाग्रामवर "रिस्ट्रिक्ट" आहे. रिस्ट्रिक्ट केलेल्याची कमेंट त्याची त्यालाच दिसते, इतरांना दिसत नाही. त्याचे मेसेज वेगळ्या खणात जाऊन पडतात आणि आपण ते वाचले की नाही हे त्याला समजत नाही. त्याला काही बदललंय याचा पत्ताही लागत नाही. शाळकरी मुलांसाठी मला ही सोय ब्लॉकपेक्षा अनेकदा जास्त उपयोगी वाटते.

मग मुलासोबत बसून या गोष्टी तपासा. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये "ग्रुप्स" या ठिकाणी आपल्याला ग्रुपमध्ये कोण ओढू शकतं ते ठरवता येतं. तिथे फक्त ओळखीचे नंबर ठेवा आणि त्रास देणाऱ्यांना त्यातूनही वगळा. "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून बघा. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर प्रोजेक्टसाठी एकदा स्कॅन केलेलं व्हॉट्सॲप महिनोन्‌महिने तिथे उघडं राहतं आणि गप्पा फुटतात त्या बऱ्याचदा इथूनच. पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. मैत्रीची खूण म्हणून एकमेकांना पासवर्ड सांगण्याची पद्धत मुलांमध्ये फार आहे. तो द्यायचा नसतो हे प्रेमाने सांगा, कारण आज जिवलग असलेली मैत्रीण नववीच्या सहामाहीपर्यंत जिवलग राहीलच असं नाही.

इन्स्टाग्रामने भारतात २०२५ पासून किशोरांसाठी वेगळी "टीन अकाउंट" सुरू केली. ती आपोआप प्रायव्हेट असतात, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना हे निर्बंध सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. पण खातं काढताना मुलाने जन्मसाल खोटं टाकलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. बऱ्याच घरांत तेच झालेलं असतं, कधी कधी आपणच टाकून दिलेलं असतं. आधी ते तपासा. घरात एकच फोन असेल आणि मुलगा दादाच्या नाहीतर बाबांच्या नंबरावरून खातं चालवत असेल, तर हे सगळं त्या खात्यालाही लावा.

मुलाचा खासगी फोटो बाहेर पडला असेल, किंवा पडेल अशी धमकी असेल, तर "टेक इट डाउन" ही मोफत आंतरराष्ट्रीय सेवा माहीत असू द्या. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी ती आहे. फोटो त्यांना पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनमध्ये त्या फोटोचा एक डिजिटल ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो आपापल्या ठिकाणी शोधून काढून टाकतात. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी अशीच "स्टॉप एनसीआयआय" ही सेवा आहे. शिवाय आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांनी नग्न, मॉर्फ केलेल्या किंवा तोतया खात्याच्या मजकुराबद्दल पीडिताची तक्रार आली की चोवीस तासांत तो हटवण्याची पावलं उचलणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. म्हणून रिपोर्ट करताना नुसतं "आवडत नाही" निवडू नका. "माझ्या नावाने खोटं खातं" किंवा "नग्नता" असा नेमका पर्याय निवडा.

पायरी पाचवी: शाळेत जा, पण लेखी अर्ज घेऊन

त्रास देणारी मुलं वर्गातली असतील तर शाळेशिवाय पर्याय नाही. "हे शाळेच्या वेळेबाहेरचं आहे, आम्ही काय करणार?" असं उत्तर मिळू शकतं. त्यावर शांतपणे एवढंच सांगा की परिणाम वर्गात दिसतोय, मूल शाळेत यायला घाबरतंय.

फोनवर तक्रार करू नका. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा, स्क्रीनशॉटच्या प्रिंट जोडा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेऊन पोच ठेवा. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार मुलांच्या सुरक्षिततेसाठीची "सखी सावित्री समिती" असायला हवी. अर्जात तिचा उल्लेख करा आणि समितीपुढे विषय ठेवण्याची मागणी करा. समिती कागदावरच असेल तर या निमित्ताने ती जागी होईल. शाळेत तक्रारपेटी असते, तीही मुलाला दाखवून ठेवा.

काय मागायचं हे घरून ठरवून जा. बाक किंवा तुकडी बदलायची असेल तर त्रास देणाऱ्याची बदला, माझ्या मुलीची नको. मधल्या सुट्टीत आणि व्हॅनमध्ये कुणीतरी मोठं माणूस लक्ष ठेवेल का? वर्गशिक्षक दर आठवड्याला पाच मिनिटं तिच्याशी बोलतील का? अशा ठोस मागण्या पूर्ण करणं शाळेलाही सोपं जातं. दोन गोष्टींना मात्र नकार द्या. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायला लावण्यात छळलेल्या मुलाचाच तमाशा पुन्हा होतो. आणि दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून "हात मिळवा, झालं गेलं विसरा" हा कार्यक्रम. एकाची बाजू बारा जणांची असताना अशा हात मिळवण्याला काही अर्थ नसतो.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलाचं नाव टाकण्याचा मोह होईल. कृपया टाकू नका. मे २०२० मध्ये दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या एका इन्स्टाग्राम ग्रुपचे स्क्रीनशॉट बाहेर आले. मुलींच्या फोटोंबद्दल त्यात जे चाललं होतं ते किळसवाणंच होतं. पण त्याच दिवसांत गुरुग्राममधल्या एका सतरा वर्षांच्या मुलावर सोशल मीडियावर जाहीर आरोप झाले आणि त्याने जीव दिला. आरोप खरा की खोटा हे तपासायला यंत्रणा आहेत, जमाव नको. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे पीडित आणि आरोपी अशा दोन्ही बाजूंच्या अल्पवयीन मुलांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे.

शाळेकडून आणखी एक गोष्ट जरूर मागा: बघणाऱ्या मुलांशी बोला. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला "किवा" हा शालेय कार्यक्रम याच गोष्टीवर उभा आहे. ग्रुपमध्ये त्रास देणारे दोन-तीनच असतात. बाकीचे हसण्याचे इमोजी टाकतात नाहीतर गप्प राहतात, आणि छळणाऱ्याला हवा असतो तो हाच प्रेक्षक. चाळीस मुलांपैकी चौघांनी "बस झालं, डिलीट कर" असं लिहिलं तरी वारं फिरतं. ज्याला ग्रुपवर बोलायची हिंमत होत नाही त्याने छळ झालेल्या मुलाला वेगळा मेसेज करावा, "मी बघितलं, मला ते आवडलं नाही." एवढ्याशा मेसेजने किती फरक पडतो हे त्या मुलांकडूनच मी ऐकलं आहे.

वर्गाच्या ग्रुपचंही काहीतरी करायला हवं. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी शाळाशाळांनी हे ग्रुप काढले. शाळा उघडल्या, ग्रुप राहिले. शिक्षक ॲडमिन असतील तर रात्री नऊनंतर "फक्त ॲडमिन" ही सेटिंग लावता येते आणि ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत असल्याशिवाय, ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेव्हा "मी ॲडमिन, मीच अडकेन" म्हणून ग्रुप सोडून देण्याची गरज नाही. ग्रुप सांभाळा.

पायरी सहावी: पोलिसांकडे कधी आणि कसं

प्रत्येक टोमण्यासाठी पोलीस लागत नाहीत. पण धमकी, पाठलाग केल्यासारखे सततचे मेसेज, खोटं खातं, अश्लील किंवा मॉर्फ केलेला फोटो, पैशांची मागणी, जातीवरून केलेला अपमान यातलं काही असेल तर शाळेच्या चौकशीची वाट पाहत बसू नका.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात: दुसऱ्याचा पासवर्ड वापरला तर आयटी कायद्याचं कलम ६६क, तोतयेगिरी करून फसवलं तर ६६ड, खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढला किंवा पसरवला तर ६६इ, बालकांचा अश्लील मजकूर असेल तर ६७ब. मुलीचा ऑनलाइन पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो, धमकी कलम ३५१ मध्ये. पॉक्सोच्या कलम ११ मध्ये लैंगिक हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वारंवार संपर्क साधणं आणि त्याच्या शरीराचं खरं किंवा बनावट चित्र वापरण्याची धमकी देणं, दोन्ही येतात. पॉक्सो मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. जातिवाचक छळासाठी १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. तक्रार लिहून देणारा कुणी "६६अ लावा" (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं आयटी कायद्याचं जुनं कलम) म्हणाला तर ऐकू नका. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातून पुढे खटला उभा राहिला आणि ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर "झिरो एफआयआर", म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यायचा गुन्हा, असं म्हणा. घरबसल्या करायची तर केंद्र सरकारचं नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टल आहे. त्यात महिला व बालकांसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही कळवता येतं. मात्र तक्रारीचं पुढे काय झालं हे बघायचं असेल तर मोबाइल नंबर देऊन नोंदणी करा. १९३० हा क्रमांक प्रामुख्याने पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. धमकीला घाबरून मुलाने कुणाला पैसे पाठवले असतील तर तिथे ताबडतोब फोन करा.

"मुलीला पोलीस ठाण्यात बसवायचं?" ही भीती मी अनेक आयांच्या डोळ्यांत बघते. पॉक्सोच्या प्रकरणात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्यालाच भेटायचंय असं सांगा.

आरोपीही अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. अतिशय गंभीर गुन्हा नसेल तर पोलीस एफआयआरऐवजी डायरीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाला पाठवतात. "गुन्हाच दाखल केला नाही" असं वाटून हताश होऊ नका. नोंदीचा क्रमांक मागून घ्या.

त्रास देणारं मूल आपलं असेल तर

शाळेतून असा फोन येऊ शकतो. तेव्हा "माझा मुलगा असं करणारच नाही" हे वाक्य सगळ्यांच्याच आड येतं, त्या मुलाच्याही. स्क्रीनशॉट नीट बघा. मारहाण करू नका, त्याचा अपमान करू नका, पण हलकंही घेऊ नका. त्याला विचारा: हे कुणासाठी टाकलंस, कोण हसणार होतं? अनेकदा तो स्वतः कुठेतरी चिरडला जात असतो, किंवा आपण टाकलं नाही तर पुढचा नंबर आपला लागेल या भीतीने टाकत असतो. स्क्रीनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे तोंडावर जे बोलायला जीभ रेटत नाही ते बोटं सहज लिहून जातात. कारण समजून घेणं म्हणजे सूट देणं नव्हे. टाकलेलं सगळं त्याने स्वतः काढायचं, ज्यांना पाठवलं त्यांना स्वतः सांगायचं की पुढे पाठवू नका, आणि समोरच्या मुलाची तयारी असेल तरच, खासगीत, स्वतःच्या शब्दांत माफी मागायची. आईने सांगितलेलं पत्र उतरवून नाही.

आणि आपल्या घरच्या ग्रुपकडेही एकदा बघा. काकूच्या वजनावरचा विनोद, कुणाच्या जातीवरचं फॉरवर्ड, मुलाला न विचारता टाकलेला त्याचा आंघोळीचा लहानपणीचा फोटो. मुलाला यातलं सगळं दिसतं.

पुढचे तीन महिने

पोस्ट निघाली, शाळेने समज दिली, की पालक सुटकेचा श्वास सोडतात. मूल इतक्या लवकर सावरत नाही. झोप, जेवण, मित्रमैत्रिणी यांत महिनाभरात फरक दिसला नाही तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. फोनशी संबंध नसलेला एक तरी गोतावळा त्याला मिळू द्या: कबड्डीचं मैदान, ढोल पथक, स्काउट, मामाकडची भावंडं. वर्गाने वाळीत टाकलेल्या मुलाला आपल्याला हाक मारणारं आणखी कुणी आहे हे अनुभवायला मिळालं पाहिजे.

दर आठवड्याला एकदा, मुलाला सांगून, त्याचं नाव आणि शाळेचं नाव इन्स्टाग्रामवर शोधून बघा. काढलेला फोटो नव्या खात्यावर पुन्हा येतो, तसा आला तर नव्याने तक्रार लिहू नका. जुन्याच तक्रारीचा क्रमांक देऊन त्यात भर घाला, शाळेला पुन्हा लेखी कळवा, वहीत तारीख टाका. आणि शाळेची वर्षअखेरीची तुकडीवाटणी होण्याआधी, साधारण मार्चमध्ये, मुख्याध्यापकांना आठवणीचं पत्र द्या की या दोन मुलांना पुढच्या वर्षी एका वर्गात ठेवू नये. जूनमध्ये गेलात तर याद्या लागलेल्या असतात.